जपान, इराण आणि पावसचा बांध

जपान आणि इराण यांनी एकमेकांकडे वकिलाती उघडायचे ठरवल्याची तीन ओळींची बातमी आमच्या साप्ताहिकाने शेवटच्या पानावर छापली. त्या शनिवारी पावस गावचे तातू सुकाणी रत्नागिरीच्या कचेरीत आले आणि त्यांनी छपाईचे खिळे जुळवणाऱ्यांपासून संपादकांपर्यंत सर्वांना पेढे वाटले. एकोणीसशे वीसच्या दशकाची ती अखेर होती.

तातूंनी आगबोटीचे सुकाणू धरण्यात उमर घालवली होती. जपानचे कोबे आणि इराणचे बुशहर ही दोन्ही बंदरे त्यांची पायाखालची. "जपानी कमरेत वाकतो, इराणी छातीवर हात ठेवतो. चहा दोघंही बिनदुधाचा पितात. मग भांडायचं कशाला?" असे ते म्हणत. घरीही ते तसाच चहा पीत.

घरी मात्र भांडण होते. शेजारचे घर थोरल्या भावाचे, आबांचे. मधल्या बांधावरच्या फणसावरून कोर्टात दावा झाला. फणस दोघांचा ठरला आणि दोघांचे बोलणे बंद झाले. आता तातूंच्या मुलीचे लग्न सावर्ड्याला ठरले होते. लग्नाआधी कुलदेवतेला गाऱ्हाणे घालण्याचा मान घरातल्या थोरल्याचा. आबा आले नाहीत तर वऱ्हाड अंगण सोडणार नाही, असे तातूंच्या पत्नीने बजावले होते.

पेढे वाटून झाल्यावर तातूंनी ती बातमी लिहिणाऱ्या मला विचारले, "ह्या जपान-इराणात पयला कोण गेला?"

"राजा जात नाही. दूत जातो."

"म्हंजे पाठवणाऱ्याची अब्रू जात नाय?"

"नाही."

"मग तुमी चला."

दुसऱ्या दिवशी भर उन्हात तातूंनी बोटीवरचा पितळी गुंड्यांचा निळा डगला चढवला. बांधाशी ते थांबले, नारळ माझ्या हातात दिला आणि मी एकटा पलीकडे गेलो. आबा पडवीत सुपारी कातरत होते.

"कोणी पाठवलं?"

"तातूंनी."

"तो बांधावर उभा दिसतोय मला. त्याचे पाय मोडले काय?"

दूत पुढे आणि राजा मागे, ही रीत मी सांगितली.

"ती जपानात. आमच्यात धाकट्याने स्वतः यावं, नारळ ठेवावा नी जेवून जावं." मग त्यांनी आत वळून सांगितले, "अगो, भात वाढव." आणि मला म्हणाले, "राजाला सांगा, डगला काढून ये. उकडत असेल मेल्याला."

तातू बांध उतरून आले. डगला त्यांनी फणसाच्या फांदीला अडकवला होता.

लग्नाच्या सकाळी आबांनी गाऱ्हाणे घातले. "देवा म्हाराजा, लेक सावर्ड्याला चालली, तिला सुखात ठेव. वाटेत काय आडवं येत असेल तर दूर कर. नी त्या जपान-इराणचं पण बरं कर. त्यांच्यापायी आमचा राजा बांध उतरला."

"व्हय म्हाराजा," जमलेली मंडळी हसत म्हणाली. सर्वांत मोठा आवाज तातूंचा होता.

पुढे तातूंनी नियमच केला. सोमवारी ते आबांच्या पडवीत बसत, गुरुवारी आबा त्यांच्या. "वकिलात उघडली म्हंजे चालवावी लागते," असे ते सांगत. त्यांच्याकडचा चहा आबा काढा म्हणून परत करत आणि दूध मागून घेत.

काही वर्षांनी तातू वारले. तेराव्यानंतरच्या गुरुवारी आबा बांध ओलांडून आले आणि पडवीत आपल्या जागी बसले. तातूंच्या पत्नीने दुधाचा चहा आणला. आबांनी तो परत केला आणि बिनदुधाचा मागून घेतला.