त्यांच्या वाटचं बोलणं

आमच्या यांना कानाचं मशीन बसवलं तेव्हा मला वाटलं, घरातली आरडाओरड संपली. कसलं काय! दोन महिन्यांत मशीन डबीत आणि डबी कपाटात. शेवटी मुलीनं आम्हां दोघांचं नाव एका ऑनलाइन ट्रेनिंगमध्ये घातलं. ऐकू कमी येणाऱ्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी कसं बोलायचं, ते त्यात शिकवत. "कान यांचे गेले, शिकायचं मी कशाला?" असं मी विचारलं.

दर शनिवारी दुपारी धसई गावातल्या आमच्या घराच्या ओटीवर लॅपटॉप उघडायचा. हे त्यासाठी इस्त्रीचा शर्ट घालत, जणू शिकवणाऱ्या मॅडम चहालाच येणार होत्या. मॅडम सांगायच्या, समोर बसून बोला, ओरडू नका. मी मान डोलवायची आणि लॅपटॉप मिटला की गॅसकडे तोंड करून यांच्याशी बोलायची.

तिसऱ्या शनिवारी मॅडमनी विचारलं, "काका, सकाळी काय केलंत?"

"हे शेतावर जाऊन आले," मी म्हटलं.

"जेवण झालं का, काका?"

"दोन भाकऱ्या खाल्ल्या त्यांनी."

मॅडमनी तेवढा भाग रेकॉर्ड केला होता. तो त्यांनी पुन्हा लावला. प्रत्येक प्रश्नाला हे तोंड उघडत होते, आणि माझं उत्तर आलं की मिटत होते. मी समजत होते, मी यांची सोय बघते. माझी मलाच लाज वाटली. पुढच्या आठवड्याचा अभ्यास मला एकटीलाच मिळाला: यांना विचारलेल्या प्रश्नाला मी उत्तर द्यायचं नाही. त्यापेक्षा निर्जळी उपास परवडला असता.

त्याच आठवड्यात आटगावहून मुलीला बघायला पाहुणे येणार होते. "तूच बोल, मी गोठ्यात असन," हे म्हणाले. पाहुणे आले की यांना नेमकी गाय आठवते. पण मुलीनं यांच्या समोर उभं राहून सांगितलं, "बाबा, तुमी नाय बसलात तर मी पण बाहेर येणार नाय." मग कपाटातली डबी निघाली.

पोहे झाल्यावर मुलाच्या वडिलांनी यांना विचारलं, "मुलगी कल्याणला नोकरीला जाते. लग्नानंतर सोडेल ना?"

"हो हो, तुमी म्हणाल तसं," असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी पदर तोंडाला लावला.

"परत सांगा, जरा सावकास," हे म्हणाले. पाहुण्यांनी कप खाली ठेवून पुन्हा विचारलं. यांनी इतका वेळ विचार केला की मी स्वतःलाच चिमटा काढला.

"नोकरी तिची हाय, तिलाच विचारा ना," हे म्हणाले. "तिला चांगलं ऐकू येतं."

पाहुणे मुलीकडे वळले. मीही वळले.

"नाय सोडणार," ती म्हणाली.