जत्रा झाली की जाऊ

सकाळचे साडेनऊ झाले असतील. मी वाशिंदला घरी भिजवलेले वाल सोलत बसले होते आणि मुरबाडहून वहिनीचा फोन आला. "सुनंदा, तुझा दादा उठत नाय गो..." एवढंच ती बोलली. खरं सांगते, मला आधी रडू आलं नाही, राग आला. वालाची परात बाजूला ढकलून मी मोठ्याने म्हणाले, "अठरा दिवस राहिले होते रे!" ऐकायला घरात कोणी नव्हतं. मुरबाडला पोचेपर्यंत मी मनातल्या मनात दादाशी भांडत होते आणि आज दोन महिने होत आले तरी ते भांडण मिटलेलं नाही.

यशवंतदादा मुरबाडच्या बस स्टँडवर कंट्रोलर होता. चौकशीच्या खिडकीत बसायचं, फळ्यावर खडूने गाड्यांच्या वेळा लिहायच्या आणि दिवसभर लोकांच्या शिव्या खायच्या, हे त्याचं काम. गाडीला उशीर झाला की बाकीचे कंट्रोलर "येतेय, येतेय" म्हणून मोकळे व्हायचे. दादाला ते जमलं नाही. धसईची गाडी वाटेत बंद पडली की हा फळ्यावर ठसठशीत 'रद्द' लिहायचा आणि वर खिडकीतून सांगायचा, "येणार नाय. वाट बघू नका, जीपने जा." एकदा भाजीच्या पाट्या रिकाम्या करून घरी निघालेली एक म्हातारी त्याच्यावर खेकसली होती, "मेल्या, जरा गोड बोललास तर काय होईल तुझं?" दादा म्हणाला, "गोड बोललो तर इथंच बसून राहशील, आजी." मी कॉलेजात असताना त्याने मलाही असंच दोनदा स्टँडवरून हाकललं आहे. सख्ख्या बहिणीलासुद्धा खोटी आशा नाही!

निवृत्त झाल्यावर त्याने स्वतःचा आणि वहिनीचा मेडिक्लेम काढला तो याच स्वभावाने. फॉर्म भरायला आलेल्या एजंटने 'आधीपासूनचे आजार' या रकान्याशी पेन थांबवलं आणि डोळा बारीक करून म्हणाला, "काका, इथं 'नाही' असं लिहू ना?" मी तिथेच बसले होते. मीसुद्धा म्हटलं, दादा, थोडी साखर कोणाला नसते, सोड. तर हा भडकलाच. "बीपी हाय, शुगर हाय, सात वर्षांपासून हाय. लिव्हा." लिहिलं. मग व्हायचं तेच झालं. खरं सांगितल्याबद्दल हप्ता वाढला आणि त्या दोन आजारांसाठी आणि त्यांच्यातून जे काही उद्भवेल त्यासाठी चार वर्षं काही मिळणार नाही, असं कागदावर आलं. चार वर्षं म्हणजे ज्या आजारासाठी माणूस विमा काढतो तो आजार सोडून बाकी सगळ्याचा विमा. मी चिडून बोलले तर दादा म्हणतो, "पण टाइम लिहून दिलाय ना? मग झालं."

पुढे नियम बदलले. ती बातमी मीच पेपरात वाचली आणि फोनवरून दादाला वाचून दाखवली. आधीच्या आजारांसाठी आता जास्तीत जास्त तीनच वर्षं थांबवता येईल. दादा इतका खूश झाला की दुसऱ्या दिवशी चवळीच्या शेंगा घेऊन वाशिंदला हजर. "एक वर्ष वाचलं गो!" पुढच्या नूतनीकरणाला त्याच्या कागदावर खरोखरच तीन आलं. शिवाय हप्ताही वाढून आला. का, तर वय वाढलं. नंतर हप्त्यावरचा कर गेल्याची बातमी आली, तेव्हा मी ती मुद्दामच त्याला वाचून दाखवली नाही. एका हाताने देणार आणि दुसऱ्या हाताने काढून घेणार, आणि आम्ही आपले दर खेपेला शेंगा वाटत फिरायचं!

दिवाळीनंतर दादाला जिना चढताना छातीत आवळायला लागलं. कल्याणच्या डॉक्टरांनी तपासण्या करून स्पष्ट सांगितलं, बायपास लागेल, पुढे ढकलू नका. दादाने हिशोब केला तो वेगळाच. तीन वर्षं पुरी होत होती पौषातल्या म्हसा गावच्या जत्रेनंतरच्या दुसऱ्या सोमवारी. "जत्रा झाली की जाऊ." सरकारी योजनेचं कार्ड होतं, पण ते कल्याणच्या त्या डॉक्टरांच्या हॉस्पिटलात चालत नव्हतं. जिथं चालतं तिथं जाऊ म्हटलं तर, "मग एवढे हप्ते भरले ते कशाला?" मी माझी एफडी मोडते म्हटलं, तर पोरीच्या लग्नाला ठेव म्हणाला. शेवटच्या भेटीत मी अक्षरशः ओरडले त्याच्यावर. "आयुष्यभर लोकांना सांगितलंस, गाडी येणार नाय, निघा. आता तुला कोणी सांगायचं?" तो हसला. दाराजवळच्या खुंटीवर त्याने आधीच भरून ठेवलेली पिशवी दाखवली. टॉवेल, स्टीलचा पेला, चपला, रिपोर्टांची फाइल. "माझी येतेय गो. टाइम लिहिलाय."

मला छळणारी गोष्ट वेगळीच आहे. थांबायची अट चार वर्षांचीच राहिली असती, तर दादा थांबलाच नसता. एवढं लांबचं कोण बघतं? निमूट दुसऱ्या हॉस्पिटलात गेला असता, कर्ज काढलं असतं, आज अंगणात खुर्ची टाकून बसला असता. वर्ष कमी झालं म्हणून सोमवार जवळ दिसायला लागला, आणि जवळ दिसला म्हणून तो थांबला. आणि ती बातमी त्याला वाचून दाखवली मी. नियम चांगला होता, हे मलाही कळतं. कळून काय करू?

जत्रा झाली. तो सोमवार आला तेव्हा मी वहिनीकडेच होते. दुपारी दादाचा फोन वाजला. विमा कंपनीतली कुणी मुलगी होती, गोड आवाजाची. "सर आहेत का? हप्ता राहिलाय. वेळेत भरला नाही तर इतक्या वर्षांचा फायदा जाईल." मी तिला सांगितलं, "बाय, ते आता येणार नाहीत. वाट बघू नका." दादाच्या आवाजात बोलल्यासारखं वाटलं मला.

पिशवी अजून त्याच खुंटीवर आहे. वहिनी दर रविवारी त्यातला टॉवेल काढते, उन्हात घालते, पेला पुसते आणि सगळं पुन्हा जागच्या जागी भरून ठेवते. परवा मी बघतेय हे पाहून म्हणाली, "दमट वास लागला तर त्यांना नाय चालत गो." दादाने तिथल्या तिथे खरं काय ते सांगितलं असतं. मी टॉवेलाचं दुसरं टोक धरलं आणि तिला घडी घालू लागले.