डब्यात काळं तेल आलं

माझा भाऊ गेला त्याला आता दोन पावसाळे होतील. त्याचे कपडे वाटून झाले, मोबाईल बंद झाला, पण त्याची एक वस्तू मला अजूनही उघडून रिकामी करावी लागते. गाडीच्या इंजिनाशेजारी त्याने बसवलेला, पेल्याएवढा ॲल्युमिनियमचा डबा. त्याला कॅच कॅन म्हणतात. आम्ही घरात डबाच म्हणतो.

गाडी लाल, छोटी, टर्बोची. भाऊ माझ्याहून लहान, पण गाडीच्या बाबतीत मला शिकवायचा तोच. पडवीसमोर बॉनेट उघडून त्याने मला समजावलं होतं, "ताई, गाडी दामटली की इंजिनाला ढेकर येतात. त्या ढेकरांतून तेलाची वाफ येते आणि फिरून इंजिनाच्याच नाकात जाते. आत काजळी धरते. हा डबा मध्ये असला की तेल इथेच गळून राहतं."

"म्हणजे पिकदाणी," मी म्हटलं.

"गप गो! एवढी भारी वस्तू आणि म्हणे पिकदाणी."

दुसरं एक त्याने सांगितलं ते जास्त लक्षात राहिलं. गाडी जवळच्या जवळ, हळूहळू फिरवली तर इंजिन नीट तापत नाही, आणि डब्यात दुधट पाणी येतं, पातळ ताकासारखं. पिळून काढली तर काळं तेल. "गाडी कोणी कशी हाकली ते डबा सांगतो. त्याच्यापुढे थापा चालत नाहीत," असं तो म्हणायचा. त्याच्या वेळी डब्यात कायम काळं तेलच असे, आणि शर्टांना त्याच तेलाचा करपट वास.

बाबांना गाडीचा भयंकर राग. गावावरच्या सड्याला, त्या कातळाच्या पठारावर, सरळ रस्त्याला तो गाडी सोडायचा तेव्हा तो आवाज आमच्या अंगणात ऐकू यायचा. बाबा हातातलं टाकून उभे राहायचे आणि तो घरी आला की सुरू व्हायचे, "एक दिवस ही गाडी तुला घेऊन जाणार, लिहून ठेव." मी ओरडायचे, "बाबा, अभद्र बोलू नका! वास्तू तथास्तु म्हणत असते." आई आम्ही लहान असतानाच गेलेली. बाबांना गप्प करायला घरात मी सोडून होतं कोण?

गाडीने नाहीच नेलं त्याला. तापाने नेलं. आज ताप आला, उद्या उतरेल, असं म्हणता म्हणता गेला, आणि गाडी दारात धडधाकट उभी.

दहाव्याला आम्ही खाडीकाठी होतो. बापाने मुलाचं करायचं, याहून वाईट काय असतं? पिंड ठेवले आणि कावळा शिवेना. माडावर चांगले चार-पाच बसले होते, खाली बघत होते, पण एक उतरेल तर शपथ. "मुलाची काही इच्छा राहिली असेल, काय ते बोला," गुरुजी म्हणाले. मागून नातेवाईक सुचवायला लागले. बाबा पुढे झाले, हात जोडून काहीतरी पुटपुटले. कावळे जागचे हलले नाहीत. परत पुटपुटले. गुरुजी दर्भाचा कावळा करायला घेणार, इतक्यात बाबांचे ओठ तिसऱ्यांदा हलले आणि एक कावळा सरळ पिंडावर उतरला. सगळ्यांनी सुस्कारा सोडला. बाबा काय बोलले ते कोणी विचारलं नाही. असं विचारायचं नसतं.

पुढे बाबा ती गाडी वापरायला लागले. रोज सकाळी देवळात जायचे, बैलगाडीच्या वेगाने. मागे रिक्षावाले हॉर्न वाजवून बेजार. मला वाटलं, दहाव्याला हेच कबूल केलं असेल, गाडी पडून राहू देणार नाही म्हणून. मी महिन्यातून एकदा डबा उघडायचे आणि आत ताक. ते बघून मला रडू यायचं. भावाची गाडी अशी पाणी धरून बसलेली. पण मनात कुठेतरी बरंही वाटे, की निदान हा माणूस तरी जपून आहे.

आणि यंदा आंबा उतरवायच्या दिवसांत डब्यात काळं तेल आलं.

थोडंथोडकं नव्हे, डबा जवळजवळ भरलेला. तो वास नाकात शिरला आणि माझ्या हातून तळाचं झाकण पडलं. मी शाळेत विज्ञान शिकवते, भुताखेतांना मानत नाही, मुलांनाही मानू देत नाही. पण तिथे ओणवी उभी असताना मला एवढंच सुचलं, आला. हा आला आणि गाडी चालवून गेला. मागे वळून बघायचा धीर होईना. खोटं कशाला सांगू, भीती वाटली त्याहून जास्त आनंद झाला.

मग भानावर आले. टायरांना सड्यावरची तांबडी धूळ होती. आमचं देऊळ तर खाली, खाडीच्या बाजूला.

"बाबा, गाडी कुठे नेली होती?"

"देवळात. आणखी कुठे नेणार मी?" ते डोळ्याला डोळा न देता म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी स्कूटर घेऊन मागून गेले. देवळाचा फाटा आला, गाडी वळली नाही. वर सड्याला लागली. मी बरीच मागे पडले, आणि तेवढ्यात तो आवाज आला. तोच. गिअर तसाच शेवटपर्यंत ताणून टाकलेला, मधे तसाच फुस्सकन सोडलेला श्वास. रस्ता तिथे कातळावरून सरळ जातो आणि कड्याशी एकदम वळतो. खाली समुद्र. गाडी त्या वळणाच्या अलीकडे तिरकी होऊन उभी होती. बाबांनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलेलं, घामाने निथळत होते.

मी दार उघडून शेजारी बसले. "काय चाललंय काय हे? डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?"

बाबांनी इंजिन बंद केलं. मग म्हणाले, "शब्द दिलाय गो त्याला."

"कसला शब्द?"

"कावळा शिवत नव्हता तेव्हा. आधी म्हटलं, तुझी गाडी विकणार नाही. नाही आला. मग म्हटलं, ताईचं लग्न करून देतो."

"माझ्या लग्नाचं कावळ्याला सांगत होतात?"

"तरी नाही आला. मग म्हटलं, राहू दे, मीच येतो तुझ्यामागून. तर लगेच उतरला." बाबा समोर काचेतून बघत होते. "मी म्हणायचो ना, ही गाडी तुला नेणार. त्याला नाही नेलं. मला तरी नेऊ दे. महिनाभर रोज येतो इथवर. वळण आलं की पाय आपसूक ब्रेकवर जातो. भित्रा आहे मी. तिकडे तो वाट बघत असेल."

मला इतका संताप आला की रडूसुद्धा फुटेना.

"आणि तुमचं दहावं कोण करणार? मीच ना? मग नीट ऐकून ठेवा. तुम्ही येऊन माडावर बसाल. बसा. मी एक शब्द देणार नाही. गुरुजी सांगोत, गाव सांगो, मी तोंड उघडणार नाही. दर्भाचा कावळासुद्धा करू देणार नाही. बसा ताटकळत जन्मभर. मला एकटीला टाकून जाणाऱ्याला मी काही कबूल करणार नाही."

मग बाबांचे खांदे हलायला लागले आणि ते लहान मुलासारखे रडले. मुलगा गेल्यापासून पहिल्यांदाच. किल्ली त्यांनी स्वतःच काढून माझ्या हातात ठेवली. परत येताना गाडी मी चालवली, हळू, अगदी बैलगाडीसारखी. स्कूटर संध्याकाळी आणली.

तेव्हापासून किल्ली माझ्याकडे असते, सकाळी देवळापुरती बाबांना देते, आणि डबा दर रविवारी उघडते. बाबा पडवीतून विचारतात, "काय आलं गो?"

"ताक," मी सांगते. तरी प्रत्येक वेळी झाकण फिरवण्याआधी टायरांना तांबडी धूळ नाही ना ते बघते. आणि एक सांगते, ताक दिसलं की सुटका वाटते, पण तो वास येत नाही म्हणून जीव तुटतोही.

परवा पितृपक्षातला म्हाळ झाला. बाबांनी कुंपणाच्या गडग्यावर पान ठेवलं. समोरच्या फणसावर कावळा होता. बाबा आत आले नाहीत. तिथेच उभे राहून, शेजारणीला निरोप द्यावा तसं मोठ्याने म्हणाले, "मला यायला जरा उशीर होईल हां रे. ताई सोडत नाही."

कावळा बसून राहिला. मी दारात उभी, गाडीची किल्ली मुठीत. भात गार झाला, वड्याला मुंग्या लागल्या. दहाव्यासारखं बाबा आणखी काही पुटपुटले नाहीत. हात मागे बांधून नुसते वाट बघत राहिले.

पुष्कळ वेळाने तो उतरला आणि वडा उचलून गेला.

"चालेल म्हणतो," बाबा म्हणाले, आणि पाय धुऊन जेवायला आले.