रांजण म्हणजे रायण

बाबा पालघरकडच्या एका खेड्यातून कोयलीच्या रिफायनरीत नोकरीला आले आणि बडोद्याचेच झाले. आई बडोद्यातल्याच दांडिया बाजारातली. ती घरात मराठी बोलायची, पण भाज्या-फळांची नावं बहुतेक इथली, गुजरातीच. बाबांनीही ती निमूट उचलली. मी त्याच घरात वाढले आणि आता निजामपुऱ्यातल्या एका शाळेत गुजराती शिकवते. मराठी घरातली मुलगी गुजराती शिकवते याचं लोकांना कौतुक वाटतं. मलाही वाटायचं.

आई गेल्यावर बाबा माझ्याकडे राहायला आले. दोनेक वर्षांनी त्यांना विसर पडू लागला. आधी नवे शब्द गेले, मग गुजराती गेली. शेजारच्या काकांनी ‘केम छो’ म्हटलं की ते गोंधळून माझ्याकडे बघत. मीही कधी त्यांची मुलगी असायची, कधी कुणीतरी परकी बाई.

गेल्या उन्हाळ्यात त्यांनी एकच धोशा लावला. “रांजणाखाली जायचंय.”

मला वाटलं, तहान लागली असेल. पाणी दिलं, तर पेला बाजूला सारला. मग वाटलं, गावाकडचा पाण्याचा रांजण आठवत असेल. कुंभाराकडून मोठा माठ आणला, ओट्यापाशी ठेवला आणि त्यांना हाताला धरून नेलं.

“हा बघा तुमचा रांजण.”

त्यांनी माठावर हात फिरवला. “हे काय? मला रांजणाखाली जायचंय.”

“रांजणाखाली कोण जातं, बाबा? रांजणात पाणी असतं.”

मुलांना एकेका शब्दावर थांबवून अर्थ विचारणारी मी, ‘खाली’ या शब्दापाशी क्षणभरही थांबले नाही.

वार्षिक परीक्षेचे पेपर तपासायला घरी आणले होते. एका दुपारी दर दोन मिनिटांनी तेच चाललं होतं. बाबा चपला घालून दाराशी जायचे, मी त्यांना परत आणायची. शेवटी मी ओरडले, “पुन्हा रांजण म्हणालात तर बघा!” त्यांना खोलीत बसवलं आणि बाहेरून कडी घातली.

त्यांनी दार ठोठावलं नाही. आतून हळूच म्हणाले, “अहो बाई, उघडा ना.”

हातातला पेपर पुरा केला. त्यानंतर आणखी चार तपासले. मग कडी काढली. ते दाराला लागूनच उभे होते. मला बघून दोन पावलं मागे सरले.

मे महिन्यात आत्या, बाबांची धाकटी बहीण, गावाहून त्यांना भेटायला आली. मी फ्रीजमधून रायणांची वाटी काढून तिच्यापुढे ठेवली. पिवळी, बोटाच्या पेराएवढी, गोड फळं. खाल्ली की चिकाने ओठ चिकटतात. फळवाल्याच्या लारीवर दिसली की मी घ्यायचीच. बाबांना मधुमेह, म्हणून त्यांच्या नजरेआड ठेवायची आणि स्वयंपाकघरात उभ्यानेच खायची.

आत्या वाटीत बघून हरखली. “अगंबाई, रांजणं! बडोद्यात मिळतात होय?”

“काय म्हणालीस?”

“ही रांजणं गं. आमच्या विहिरीमागे केवढं थोरलं झाड होतं रांजणाचं. शाळा चुकवली की दादा त्याच्याखाली झोपलेला सापडायचा. वडील काठी घेऊन निघाले की मी आडवाटेने पळत जाऊन त्याला उठवायची.”

“आम्ही याला रायण म्हणतो,” मी म्हणाले.

वाटी घेऊन मी बाबांच्या खोलीत गेले. एका फळातली बी काढून ते त्यांच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी वास घेतला, तोंडात टाकलं आणि ओठ एकमेकांना चिकटले तसे खुदकन हसले. मला मात्र तिथे उभं राहवेना.

रायण विकणाऱ्या बाईला विचारलं. कोयलीच्या पुढे एका देवळाच्या आवारात जुनं झाड आहे, असं तिने सांगितलं. रविवारी सकाळी आम्ही तिघं रिक्षाने गेलो. झाड दाट होतं, खाली गारवा. बाबांनी खोडावर हात ठेवला, वर बघितलं आणि पारावर बसले. थोड्या वेळाने आत्याच्या खांद्यावर मान टाकून झोपून गेले.

“नशीबवान आहे हो दादा,” आत्या हलक्या आवाजात म्हणाली. “त्याच्या मनातलं ओळखून इथवर आणलंस. अशी लेक कुणाला मिळते?”

तिला तेव्हाच सगळं सांगायला हवं होतं. मी म्हणाले, “ऊन चढतंय, निघूया.”

त्यानंतर बाबांनी रांजणाचं नाव काढलं नाही. मन भरलं, की तोही शब्द गेला, कोण जाणे. आत्या म्हणते, मन भरलं. मला तसं मानून मोकळं होता येत नाही.

हल्ली ते मला न कळणारं काही बोलले की मी आत्याला फोन लावते. परवा ‘वई’ म्हणत होते. आत्या म्हणाली, वई म्हणजे कुंपण. मी बाबांजवळ बसले आणि विचारलं, “कुठली वई, बाबा? पलीकडे काय आहे?”

ते बराच वेळ सांगत होते. निम्मं मला कळलं नाही.