सुतळीचं दुसरं टोक

त्या दिवशी मामाजी चहा प्याले गेले तवा माह्या उजव्या कोपराले सुतळी बांधलेली होती. मामाजी म्हंजे माहे सासरे. नेर गावाले आमचं घर मांगं अन् वेल्डिंगचं दुकान समोर. सुतळीचं दुसरं टोक त्याइच्या बोटात असे. त्या दुपारी त्याइनं सुतळीले तीन झटके दिले. एक म्हंजे थांब, दोन म्हंजे चालू दे, तीन म्हंजे चहा मांड. मी म्हटलं, "मामाजी, दूध फाटलं." सकाई पोरगी रडत होती, तिले घेऊन बसली, दूध तापवाचं राहून गेलं, उन्हाचे दिवस. ते हसले. बोटातला फास काढून स्टुलाले अटकवला अन् म्हनले, "टपरीवर पिऊन येतो. पाच मिनटं. तवर गाडीच्या चौथ्या पायाले हात लावू नोको." मी चश्मा कपायावर सरकवून त्या लाल गाडीसमोर बसून राह्यली... अन् टपरीवाला पायात चप्पल नाई, असा पयत आला. "वहिनी, काका पडले!" मी उठली अन् धावली. सुतळी सोड्याचं सुचलंच नाई. लोखंडी स्टूल मांगून आपटत, खडखडत रस्त्यावर आला, अन् कोपराले झटका बसला तशी मी थांबली. मले वाटलं मामाजीच वढून राह्यले, थांब म्हनून. वळून पाह्यलं तं नुस्ता स्टूल होता. टपरीवर पोचली तवा त्याइचा चहा अर्धा तसाच होता. मामाजी राह्यले नव्हते.

पाच हप्ते होऊन गेले. रविवारच्या पुरवणीत लोकं आपल्या गेलेल्या मानसाबद्दल लिहितात, ते मामाजी मले मोठ्यानं वाचाले लावत. अन् म्हनत, "मोठ्याच लोकायचं काहून छापतात? वेल्डिंगवाला मरत नाई काय?" म्हनून लिहून राह्यली. शाळा माही नववीपर्यंत. मधात थांबली तं पुन्हा लिहिनं होनार नाई, म्हनून एका दमात लिहून राह्यली.

मी मुकुटबनकडली. लगन होऊन चार वर्सं झाली. लहानपनापासून मले सगळ्याचंच भेव. कुकरच्या शिट्टीचं, मीटरच्या डब्ब्याचं, फोन वाजला का फोनचं. सासरी पहिल्या सकाई समोर ग्राइंडर सुरू झालं तं मी गव्हाच्या कोठीमांगं जाऊन बसली. आत्याबाई, म्हंजे सासूबाई, मले शोधत आल्या अन् हसून हसून भितीले टेकल्या. "वाघ नोहे वं तो, तुहा सासरा आहे!" पोरगी झाल्यावर तं भेव अजूनच वाढलं. ती झोपली असली का श्वास चालू आहे का म्हनून दहादा नाकाजवय बोट लावून पाहो. घरातले सगळे टोकत. मामाजीनं कधी टोकलं नाई. एक दिवस आंगनात मी तुरीच्या दायीतले खडे येचून राह्यली होती, ते दुकानाच्या दारातून पाहत होते. आत्याबाईले म्हनले, "हिची नजर पाह्य. खडा सोडत नाई, अन् दाना टाकत नाई."

मंग ती गाडी आली. यवतमायचे एक वकील साहेब ट्रॉलीवर लादून घेऊन आले. दोन दाराची, ठेंगनी, लाल, वर कापडाचं छत, इतकी खाली का बसाचं म्हटलं तं लोयाच लागते. पोट्टे पाहाले आले, म्हनत रेसची गाडी आहे. साहेबाच्या वडलानं घेतलेली, इलायती. वडलाच्याच टायमाले तिचं इंजिन बंद पडलं, सामान भेटे नाई, तं त्याइनं जीपचं डिझेल इंजिन त्यात बसवून घेतलं. आता गोदामात पोत्याखाली तिचं असली इंजिन सापडलं, साहेबानं ते नीट करून आनलं, पन ते गाडीत उतरेना. काहून का जीपच्या इंजिनासाठी चेसिसवर, म्हंजे गाडीच्या खालच्या सांगाड्यावर, चार जाड लोखंडी पाय वेल्ड केलेले होते, जागा त्या पायाइनंच अडवली होती. एका मोठ्या गॅरेजवाल्यानं म्हटलं का समोरचा अख्खा भाग कापून नवा लावा लागीन. साहेबाचं मन होत नव्हतं.

"कोन्या गाढवानं लावले हे पाय?" साहेब हसत म्हनले.

मामाजी वाकले. वेल्डिंगच्या टाक्यावरून त्याइनं बोट फिरवलं, जसं कोनी आपल्या लेकराच्या डोक्यावरून फिरवते तसं. सरळ झाले. "ह्या गाढवानं," म्हनले. "तवा माहं लगन बी नव्हतं झालं."

साहेबाचं तोंड उतरलं. मामाजी मात्र लय हसले. मंग म्हनले, दगडाच्या ट्रॉलीले लावतो तसे टाके लावले मी ह्या नाजूक गाडीले. चारही बाजूनं, भरगच्च. वाटे, आपलं काम कधी सुटलं नाई पाहिजे. "सोडवाचं बी काम पडते, हे त्या वयात कोनाले समजते?"

काम त्याइनं घेतलं. पन उजवा हात थरथरे अन् एका डोयात मोतीबिंदू. पाय जाड, पन त्याच्याखालची चेसिस पातळ, पापडावानी. गॅसनं कापलं तं वाकडी होते. टाका ग्राइंडरनं घासत घासत कागदाइतका पातळ कराचा, तिथं थांबाचं, मंग छन्नी लावून ठोकाचं. केसभर जास्त गेलं का चेसिस गेली. दोन दिवस ते गाडीभोवती फिरले. तिसऱ्या दिवशी मी पानी घेऊन गेली तं म्हनले, "सुनबाई, हे तुले कराचं आहे."

मले हसूच आलं. मंग रडू आलं. मी म्हटलं, "मामाजी, मले लय भेव वाटते."

"म्हनून तं तुले म्हनून राह्यलो. न भेनारे चार जन पाह्यले मी ह्या कामाले, सगळ्याइनं चेसिस कापली. मले भेनारंच मानूस पाहिजे."

असं मले आजवर कोनीच म्हटलं नव्हतं.

आठ दिवस त्याइनं मले भंगारच्या अँगलवर शिकवलं. डोक्यावरचा पदर सारखा समोर ये, तं पाठ करून म्हनले, "पदर कमरेले खोच अन् वरून माहा जुना शर्ट घाल. ठिनगी नातं नाई पाहत." पन ग्राइंडर सुरू झालं का त्याइचं बोलनं मले आयकू ये नाई. सुनेले हात लावाची आमच्याकडं रीत नाई. त्याइनं एकदा खडू फेकून मारला, एकदा गिट्टी. एकदा चप्पल फेकली ते नेमकी आत्याबाईच्या चुलीवरच्या वरनाच्या गंजात पडली. आत्याबाई बाहेर आल्या, चप्पल चिमटीत धरून. "आता हे बी जेवाले वाढू काय?" मामाजी वैतागून म्हनले, "बैलाले निदान कासरा असते, हिले कसं थांबवू?" मी खाली पाहून म्हटलं, "मंग कासराच लावा ना." सासऱ्याले मी पयल्यांदा उलट बोलली होती. त्याइनं पोत्याची सुतळी काढून माह्याकडं फेकली. "कोपराले बांध."

पयला पाय चार दिवसात सुटला. खाली चेसिस कोरी, चकचकीत. पोयाच्या आदल्या दिवशी आमी बैलाचे खांदे शेकतो, तसं मामाजीनं कोमट तेलात हयद कालवून पयसाच्या पानानं त्या जागेले लावलं. "लय वर्सं चुकीचं ओझं वाह्यलं हिनं," म्हनले. साहेब म्हनले गंज नाई लागाचा म्हनून लावता काय? मामाजी म्हनले, "ते बी."

दुसऱ्या पायाले चूक झाली. सुतळी लांब होती, उरलेली मांगच्या दारातून घरात जाय. मी घासून राह्यली होती, टाका पातळ झालता, मामाजीनं एक झटका दिला, मी थांबनार तेवढ्यात लगेच दोन झटके. मले वाटलं चालू दे. मी दाबलं... अन् चाक खचकन आत गेलं. वळून पाह्यलं तं आत माही पोरगी, दीड वर्साची, दाराजवय बसून सुतळी तोंडात घालून दोन्ही हातानं वढून राह्यली. चेसिसले नखाइतकी खाच पडली. मी ग्राइंडर ठेवलं अन् कोठीमांगं जाऊन बसली. आता मामाजी गाडी परत पाठवतीन, असंच वाटलं.

ते आत आले नाई. दारातूनच नातीले म्हनले, "काय वं कारभारीन, कामात हात घालतं काय?" मंग जरा जोरानं, मले आयकू जाईन असं, "ह्या गाडीवर माह्या हाताच्या चार चुका आहेत. एक तुह्या मायची. बाहेर ये म्हना तिले." त्याइनं ती खाच थरथरत्या हातानं भरली, एक थेंब वेल्डिंग, अन् मले घासाले लावली. आज ते जागा कोनाले दाखवली तं सापडत नाई. मले सापडते.

तिसरा पाय एका झटक्यात, एका दिवसात, काहीच न बिघडता सुटला. मामाजी कोनापाशी तारीफ करत नसत. त्या सांजी त्याइनं आपला कामाचा चश्मा मी शर्ट टांगो त्या खिळ्यावर लटकवला, बस. दोन दिवसानं ते टपरीवर गेले.

तेरवी झाल्यावर साहेबाचा फोन आला. "ताई, आता गाडी नेतो. चौथा पाय त्या गॅरेजवाल्याकडं कापून घेतो, तो समोरचा भाग काढनारच म्हनते." आमचे हे कापसाच्या जिनिंगमधी कामाले, त्या दिवशी घरी होते. म्हनले, "जाऊ दे, तुह्यानं एकटीनं होत असते काय?" मले बी तेच वाटत होतं. मी हो म्हननारच होती. मले त्या दुकानात पाय ठेवाचं भेव वाटे, स्टुलाकडं पाहाचं भेव वाटे, अन् सारखं मनात ये का दूध तापवलं असतं तं ते गेलेच नसते...

आत्याबाई तेरा दिवसात कोनाशीच धड बोलल्या नव्हत्या. चुलीजवयूनच म्हनल्या, "तीन सुटले, मंग चौथा काहून अटकवून ठेवता? साहेबाले म्हना दोन दिवस थांब."

"आत्याबाई, मले भेव वाटते."

"वाटू दे. त्याइनं तुले भेवापायीच तं घेतलं होतं."

दुसऱ्या सकाई त्या दुकानात आल्या. त्या घरात नांदून चाळीस वर्सं झाली, पन दुकानाचा उंबरठा त्याइनं ओलांडलेला मी पाह्यला नव्हता. स्टुलाचा एक पाय रस्त्यावर घासटून वाकडा झालता, त्यावर बसल्या, हालत हालत. उजेड डोयाले लागते म्हनून माह्याकडं पाठ केली. खिळ्यावरची सुतळी घेतली. टोकाले मामाजीच्या बोटाचा फास तसाच होता, ग्रीसनं काया झालेला, गोल. त्याइनं तो सोडला नाई, त्यात बोट बी घातलं नाई. त्याच्या बाजूले आपला दुसरा फास बांधला. मी म्हटलं, "तुमाले टाका दिसनार नाई, तुमी कसं सांगान?" म्हनल्या, "तू ग्राइंडर लाव."

मी लावलं. ठिनग्या उडाल्या. मले काही आयकू येत नव्हतं, मी फक्त त्या टाक्याकडं पाहत होती, अजून आहे, अजून आहे, अन् माह्या हिशोबानं अजून बराच होता... तवाच कोपराले एक झटका. मी थांबली. चश्मा काढून वाकून पाह्यलं तं टाका कागदाइतका राह्यलेला.

"तुमाले कसं समजलं?"

"चुलीजवय बसून जनमभर हाच आवाज आयकला मी. लोखंड पातळ झालं का त्याचा आवाज रडक्या पोरावानी होते. मंग तुहे मामाजी बंद करत अन् मी चहा टाको."

मी छन्नी लावली. चार ठोके. चौथा पाय खनकन खाली पडला, अन् त्याच्याखाली चेसिस कोरी होती, एक ओरखडा नाई. आत्याबाई उठल्या, घरातून कोमट तेल अन् हयद घेऊन आल्या. पयसाचं पान मीच धरलं होतं, पन जागेले हात त्याइचाच फिरला, लय हळू.

साहेबानं परवा फोनवर गाडीचा आवाज आयकवला, तिच्या सोताच्या इंजिनाचा. चांगला वाटला. पन मले आठवते ती सकाय. आत्याबाई पुन्हा त्या हालत्या स्टुलावर बसल्या, मी खाली बसून कोपराची गाठ सोडाले लागली, तं सुतळी हालली. एक... दोन... अन् थोडा दम घेऊन तिसरा.

त्या दिवशी दूध मी सकाई उठल्या उठल्या तापवून ठेवलं होतं.