पाटीवर माहेरचं की सासरचं?

नवीन पनवेलच्या आमच्या सेक्टरमधल्या कबड्डीच्या मैदानाला माझ्या मैत्रिणीचं नाव द्यावं, असं मी मंडळाच्या बैठकीत सुचवलं. पहिली हरकत अध्यक्षांनीच घेतली. ते आम्हा दोघींचे जुने प्रशिक्षक, आम्ही त्यांना सर म्हणतो.

"जिवंत माणसाचं नाव कसं द्यायचं? हे सगळं नंतर करतात."

मी तिथूनच तिला स्पीकरवर फोन लावला. ती सरावशिबिरात होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सर, मग मी घाई करू का?"

सगळी बैठक खो खो हसली. सरांनी कानाला हात लावले आणि नाव मंजूर झालं.

ती आणि मी याच मैदानावर खेळ शिकलो. ती डावा कोपरा सांभाळायची आणि मी तिचा हात धरून शेजारी उभी राहायची. तिनं झेप घेतली की मीही मातीत. पुढे मी विमा कंपनीत चिकटले आणि गुडघे सांभाळू लागले. ती एका कंपनीच्या संघात पगारी खेळाडू झाली, महाराष्ट्राकडून खेळली, टीव्हीवर दिसू लागली. मधल्या काळात लग्न होऊन उरणला गेली, पण खेळ सुटला नाही.

मग पाटी रंगवणाऱ्यानं विचारलं, "पूर्ण नाव काय टाकू?"

झालं! सर म्हणाले, लग्न झालंय, सासरचं टाका. आम्ही मुली म्हणालो, खेळली ती माहेरच्या नावानं. तिला विचारलं तर म्हणाली, "नुसतं माझं टाका की." सर नाराज. "एवढी मोठी पाटी घेतलीय, त्यावर दोन अक्षरं?"

शेवटी तिच्या वडिलांना विचारायला गेलो. हे सेक्टर झालं त्याआधी इथे त्यांची भातशेती होती. ते म्हणाले, "पोर दिली त्यांना. आता माझं नाव लावलं तर व्याही काय म्हनतील? सासरचंच टाका." असं म्हणताना त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. त्यांचं मन त्यात नव्हतं; ते मला आवडलं नाही.

"काका, त्यांनाच विचारू या," मी म्हटलं. रविवारी त्यांना घेऊन उरणला गेले.

तिच्या सासूबाई अंगणात सुकटीची सुकी मासळी निवडत बसल्या होत्या. मी भीत भीत विषय काढला. त्यांनी हातसुद्धा थांबवला नाही.

"यात इचारायचं काय? आमच्या घरात आली तवा तिचा फोटू पेपरात आधीच आलेला. आमी काय तिला खेळाया शिकवली नाय. गावातली लोकं पोरीला चड्डीत खेळवतो म्हनून हसायची, तवा तिला मैदानात सोडाया कोन जायचा? हा बापूस. त्याचं नाव टाका."

काकांनी टोपी काढली, पुन्हा घातली. डोळे भरले होते.

"रडता काय, व्याही? चा घ्या," सासूबाई म्हणाल्या. "पन नारल मी फोडनार. सांगून ठेवते."

आणि उद्घाटनाला त्यांनीच फोडला, एका फटक्यात. पाटीवरचं कापड काकांनी ओढलं. लेकीच्या नावापुढे स्वतःचं नाव त्यांनी दोनदा वाचलं आणि मग सरांना सांगितलं, "रंग चांगला हाय." बस्स, तेवढंच. पण त्या दिवशी ते ज्याला त्याला हाताला धरून पाटीकडे नेत होते. खारघरहून आलेल्या केटरिंगवाल्यालाही सोडलं नाही.

नंतर आम्ही जुन्या मुलींनी तिच्याशी सामना लावला. आमच्यातल्या दोघी आता शाळकरी मुलांच्या आया, एक डॉक्टरीणबाई, आणि मी गुडघ्याला पट्टा बांधून. ती एकटी चढाईला आली. सासूबाई रेषेशी उभ्या राहून ओरडत होत्या, "धरा तिला! सोडू नका!" घरच्या सुनेविरुद्ध त्या आमच्याच बाजूनं होत्या.

मी तिचा घोटा धरला. मागून बाकीच्या सगळ्या तिच्यावर पडल्या. धुळीच्या त्या ढिगातून तिनं हात बाहेर काढला, पोटावर सरकली, आम्हा साऱ्यांना फरपटत नेलं आणि बोटांची टोकं मध्यरेषेला लावली. सरांनी शिट्टी वाजवली. आम्ही सगळ्या बाद.

सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "एवढ्या जनी, आनि एक पोर धरता येत नाय?"