जास्वंदीची बांधलेली फांदी

तळवड्यातल्या आमच्या कंपनीत मी वीस वर्षं तपासणी विभागात आहे. मशीनवरून आलेला सुटा भाग भिंगाखाली धरायचा आणि कडेला केसाएवढा ओरखडा दिसला तरी ‘रिजेक्शन’ म्हणून बाजूला काढायचा, हे माझं काम. त्यामुळे चाळिशीनंतर कॅमेरा घेतला तेव्हा नजर आधीच तयार होती. फोटोसाठी लोक लांब लांब जातात. मला तेवढी सवड नसते. मी शिफ्टच्या आधी अर्धा तास येते आणि कुंपणालगत जे मिळेल ते टिपते. ढालकिडे, चतुर, सायकल स्टँडच्या पत्र्याखाली मातीचं घर बांधणारी कुंभारीण माशी. कुंभारणीच्या पायावरची लव मोजता येईल असा फोटो माझ्याकडे आहे आणि तो मी न विचारता दाखवते.

त्या एप्रिलमध्ये गेटजवळच्या जास्वंदीत बुलबुलानं घरटं केलं. छातीएवढ्या उंचीवर, वाटीएवढं, आत तीन पिल्लं. पण समोर एक पानांनी भरलेली फांदी आडवी येत होती. दोन दिवस मी वाकून, बसून, स्टुलावर चढून पाहिलं. दर फोटोत पान आडवं.

आमच्या विभागात शिकवतात की तपासायच्या वस्तूसमोर काही आडवं नको. जागा मोकळी करा, मग बघा. तिसऱ्या दिवशी सकाळी मी पॅकिंगमधून एक केबल टाय, म्हणजे प्लॅस्टिकची दातेरी पट्टी, आणला, फांदी मागे ओढली आणि शेवटच्या दातापर्यंत आवळून कुंपणाच्या जाळीला बांधली. दोन मिनिटांचं काम. समोर घरटं लख्ख. मी खुशीत कामावर गेले.

जेवणाच्या सुट्टीत डबा तसाच ठेवून आले. मादी घरट्यावर उभी होती. पंख दोन्हीकडे पसरलेले, चोच उघडी, डोळ्यात उजेडाचा ठिपका. ती हलत नव्हती. इतकं शांत पाखरू मला कधी मिळालं नव्हतं. मी बारा-पंधरा फोटो घेतले आणि गेटवरच्या मामांना दाखवायला गेले. हे मामा तळवड्याचेच, जुन्या शेतकरी घरातले. आता बारा तास आमच्या गेटवर बसतात, अगदी त्या जास्वंदीसमोर.

मी म्हटलं, बघा, कशी गातेय.

त्यांनी कॅमेरा डोळ्यांपासून लांब धरून पाहिला.

"गात न्हाई ताई. धापा टाकतीय. पोरांवर सावली धरलीय तिनं."

मी वळून पाहिलं. झुडपाच्या आत सगळीकडे सावली होती आणि मी बांधलेल्या फांदीच्या जागेतून उन्हाचा चौकोन थेट घरट्यावर पडला होता. मामा म्हणाले, दहा वाजल्यापासून ती अशीच उभी आहे, हललेली नाही. म्हणजे पिल्लांना दहापासून दाणा नाही.

मी विचारलं, मग सकाळीच का नाही सांगितलंत?

"म्हनलं, शिकल्याली माणसं तुमी. इच्यार करूनच बांधली आसंल."

मी टूलरूममधून कटर आणला आणि टाय तोडला. फांदी जागेवर गेलीच नाही. आवळताना बुंध्याशी चिरली होती, तशीच खाली लोंबली. मी सावलीसाठी पुठ्ठा आणायला निघाले. मामांनी अडवलं. पुठ्ठ्याला ती बिचकेल, म्हणाले. त्यांनी आपल्या खांद्यावरच्या गमज्याची कड फाडली, मी फांदी उचलून धरली, त्यांनी ती शेजारच्या फांदीला बांधली. वर करंजाच्या दोन डहाळ्या खोचल्या. तेवढ्या गडबडीत मादी उडून गेली होती.

आता ती येते की नाही एवढंच पाहायचं होतं. आम्ही मामांच्या गेटवरच्या केबिनमध्ये बसलो. सुट्टी संपल्याची घंटा झाली. मी उठले नाही. मामा म्हणाले, जावा तुम्ही, मी बघतो. मी म्हटलं, चूक माझी आहे, मी बघते. अजून दहा-बारा मिनिटं गेली असतील. मग ती जाळीवर येऊन बसली, चोचीत नाकतोडा. दोनदा इकडेतिकडे पाहिलं आणि पानांत शिरली. ती बाहेर पडून पुन्हा दाणा घेऊन आली, तेव्हा मी कामावर गेले. सुपरवायझरनं उशिराचं कारण विचारलं. मी सांगितलं, बाहेर एक रिजेक्शन होतं, माझंच.

मामा दर सकाळी ताजी डहाळी खोचत राहिले. आठवड्याभरानं दोन पिल्लं उडाली. तिसरं घरट्यातच मेलं. ते उन्हानं गेलं की दुसऱ्या कशानं, मला माहीत नाही, आणि उन्हानं नसेलच असं मी स्वतःला सांगत नाही.

कंपनीच्या कॅलेंडरसाठी फोटो मागवले, तेव्हा सहकाऱ्यांनी एकमुखानं तोच निवडला, पसरलेल्या पंखांचा. मी दिला नाही. आमच्याकडे सदोष माल कुठे चुकला हे नव्या लोकांना दाखवायला लाल चिठ्ठी लावून फळीवर ठेवतात. त्या फोटोची एक प्रत मी तशीच ठेवली आहे. कुणी फोटो काढायला शिकव म्हणालं की आधी तो समोर ठेवते आणि विचारते, यात काय चुकलंय? आजवर एकालाही सांगता आलेलं नाही. सगळे म्हणतात, फोटो सुंदर आहे.

यंदा बुलबुल पुन्हा त्याच झुडपात आहे. पान आडवं येतंच. माझ्या फोटोत निम्मी मादी हिरव्या डागामागे आहे. मामांना दाखवला तर म्हणाले, "शेपटी न्हाई आली ताई." मी म्हटलं, नाही आली.